परीक्षेला नेलेला जवाई

माझ्या साळ्याइतका कडक माणूस आख्ख्या भंडारा जिल्ह्यात नाही; गोंदिया वेगळा व्हायच्या आधीच्या मोठ्या जिल्ह्यातही नसावा. साळा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, राहणार आसगाव. पवनीत त्याची पत्र्याची एक व्यायामशाळा आहे आणि पोलीस भरतीच्या पोरांना तो तिथे घाम फोडतो. लग्नाच्या पंगतीत कुणी पोक काढून जेवताना दिसला की त्याच्या पाठीवर थाप पडलीच समजा. एकदा तर त्याने मांडवात उभ्या नवरदेवाला दम भरला, "खांदे मांगं घे, फोटो जिंदगीभर राहीन." स्वतःचं वजन तो राइस मिलमध्ये धानाच्या काट्यावर करतो, कारण घरच्या काट्यावर त्याचा विश्वास नाही. मिलवाला त्याला दोन पोत्यांच्या मध्ये उभा करून आकडा मोठ्याने ओरडतो, त्यामुळे ते वजन सगळ्या गावाला माहीत असतं.

भंडाऱ्याला नवी जिम निघाली, तेव्हा मालकाला हा माणूस एकदम पसंत पडला. पण ट्रेनर व्हायचं तर प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्र हवं तर परीक्षा. पहिल्या खेपेला साहेब नापास झाले. दुसऱ्या खेपेचा फॉर्म भरताना त्याची बायको एवढंच म्हणाली, "या वेळी नाई झालं तं व्यायामशाळेले कुलूप लावा अन् धान पाहा." ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून तो घाबरला.

मग अभ्यास सुरू झाला. पुस्तकातली स्नायूंची नावं डोक्यात राहीनात, तेव्हा त्याने ती बॉलपेनने स्वतःच्या अंगावरच लिहून काढली. दंडावर एक, मांडीवर तीन, पोटरीवर दोन. अशा अवतारात तो धानाच्या बांधीत उतरला की रोवणा, म्हणजे भातलावणी, करणाऱ्या बाया विचारत, "दादा, अंगावर चिठ्ठी कोनं लिहली जी?" पाठीवर हात पोचेना, म्हणून ते काम माझ्या सासूबाईंकडे गेलं. त्या चौथी शिकलेल्या. पुस्तकातलं लांबलचक नाव त्यांना पटलं नाही. त्यांनी मोठ्या अक्षरांत 'पाठ' असं लिहून दिलं आणि त्याखाली रेघही मारली.

लेखी परीक्षा तो कसाबसा पास झाला. उरलं प्रात्यक्षिक. त्यासाठी चाळिशीपुढचा, कधीच व्यायाम न केलेला एक माणूस सोबत आणायचा होता. सगळं आसगाव रोवण्यात अडकलेलं. मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला शाळेत गणित शिकवतो आणि रविवारी मोकळा असतो. त्याचा फोन आला, "जयभीम भाऊजी. तुमच्यासारखा बिनव्यायामाचा मानूस मले दुसरा भेटून नाई राहिला." हे तो अत्यंत आदराने म्हणाला.

आणि तो आदरच मुळावर आला. मी त्या घरचा जवाई. सासुरवाडीत गेली अठरा वर्षं मी स्वतःचं ताट उचललेलं नाही. कुणी उचलूच देत नाही. सराव सुरू झाला तेव्हा पोरांना रडवणारा हा मास्तर माझ्यासमोर लोण्यासारखा वितळला. दहा बैठका ठरलेल्या असत. सहाव्या बैठकीला विचारायचा, "थांबता काय भाऊजी? पंखा वाढवू?" मीही थांबायचो. कोण नाही म्हणेल? माझा गुडघा वाकडा पडला तर तो गुडघ्याकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा आणि खाली बघायचा.

परीक्षेच्या दिवशीही तेच. परीक्षक बाई नागपूरकडच्या, बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. थोडा वेळ पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही यांना सूचना का देत नाही?"

"जवाई आहेत मॅडम."

"इथे ते क्लायंट आहेत," असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते चांगलं नव्हतं, हे लिहिण्याच्या जोरावरूनच कळत होतं. साळ्याचा चेहरा उतरला.

आता त्याच्यासाठी काहीतरी करून दाखवावं, असं माझ्या मनात आलं. जमिनीवरचा लोखंडी दांडा उचलायचा होता. शेजारच्या उमेदवाराचा क्लायंट, एक टक्कल पडलेला गृहस्थ, बराच जड दांडा उचलत होता. मग मी स्वतःच आणखी दोन प्लेटा चढवल्या.

"भाऊजी, जरा जास्त होऊन राहिलं वाटते. राहू देता काय?"

"काही होत नाही," मी म्हणालो आणि पाठ गोल करून दांड्याला हिसका दिला. गणिताच्या मास्तराला स्वतःच्या ताकदीचा अंदाज नसावा, याची आजही लाज वाटते.

"ठेव! ठेव खाली! आयकू येऊन नाई राहिलं काय बे? पाठ मोडन ना तुही!"

साळ्याचा आवाज त्या हॉलच्या पत्र्यापर्यंत गेला. शेजारच्या टकल्यानेसुद्धा आपला दांडा खाली ठेवला. साळा धावत आला, माझ्या कमरेवर हात ठेवून म्हणाला, "कुठं दुखते? खरं सांग." मग दोन्ही बाजूंना एकेक प्लेट ठेवून बाकीच्या त्याने काढून टाकल्या आणि माझ्याकडून तो दांडा बरोबर दहा वेळा उचलून घेतला. सहाव्याला मी थांबलो, तर म्हणाला, "गुमान कर."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "चुकीचा व्यायाम थांबवता येतो का, हेच मला पाहायचं होतं," म्हणाल्या आणि सही केली. पास! मला इतकं हलकं वाटलं की कंबर दुखते आहे हेही विसरलो. त्याने घरी फोन लावला. पास झाल्याचं ऐकून त्याची बायको एवढंच म्हणाली, "जेवले काय?" तो फोन कानाला लावून हसत सुटला.

परतताना त्याने मला मोटारसायकलवर मागे बसवलं. शहापूरला मला उतरवल्यावर चाचरत म्हणाला, "भाऊजी, माफ करा. तोंडातून निंघून गेलं. बाईले नोका सांगू."

बाई म्हणजे माझी बायको, त्याची मोठी बहीण. मी तिला अजून सांगितलेलं नाही. त्याला बोलणी बसतील म्हणून नव्हे; ते अरे-तुरे मला माझ्यापुरतंच ठेवावंसं वाटलं. आता तो भंडाऱ्याला ट्रेनर आहे, मोठमोठ्या लोकांना दम देतो, आणि मी गेलो की लगेच खुर्ची पुसून देतो. मी बसतो, काय करणार? मला सख्खा भाऊ नाही. त्या सकाळी दहा मिनिटं होता.