झेकिरकाकांची बिनसाखरेची कॉफी

झेकिरकाका सरकारला कॉफी पाजायचे. सरकार कुठल्याही पक्षाचं येवो, त्यांची शेगडी तीच, पितळी भांडी तीच आणि भीतीही तीच. एवढा भित्रा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. हे मी कौतुकानंच म्हणते आहे, कारण धीट माणसांनी आमच्या देशाचं काय केलं तेही मी पाहिलं आहे.

मॅसेडोनियाच्या राजधानीत, स्कोप्येत, नदीच्या त्या काठावरच्या एका सरकारी इमारतीत मी टेलिफोनवर कामाला होते. माझी खोली आणि काकांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक खिडकी होती आणि तिची काच कधीच फुटलेली होती. त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझं सगळं त्यांना. आम्ही दोघंही नदीच्या अलीकडच्या चाइर या अल्बेनियन मोहल्ल्यातले, एकाच बसनं येणारे-जाणारे. मोहल्ल्यात काका आपली अल्बेनियन बोलायचे. पूल ओलांडला की मॅसेडोनियन, तीही इतकी गुळगुळीत की ऐकणाऱ्याला त्यांचं गाव कळू नये.

"काका, पुलावर काय जीभ बदलून देतात का?" मी चिडवायचे.

"हळू बोल, हुरिये," एवढंच ते म्हणायचे. बसमध्ये आमच्याशिवाय कुणी नसलं तरी.

त्यांच्या हाताखाली कप धुवायला स्तोयना होती. मॅसेडोनियन बाई, तोंडानं फटकळ, मनानं सरळ. ईस्टरला ती काकांसाठी लाल अंडी आणायची आणि बैरामला, म्हणजे आमच्या ईदला, काका तिच्यासाठी बकलाव्याच्या मिठाईचा डबा. "झेको, तुझ्या बायकोनं यंदा अक्रोड घरीच ठेवले वाटतं," असं म्हणत ती अख्खा डबा संपवायची. माझ्या समजुतीप्रमाणे त्या इमारतीत खरं सरकार एवढंच होतं.

मग तो उन्हाळा आला. तेतोवोच्या डोंगरात आमची अल्बेनियन पोरं सरकारविरुद्ध बंदुका घेऊन बसली आणि खालून सैन्य तोफा डागायला लागलं. इकडे आमचे मंत्री आणि मॅसेडोनियन मंत्री एकाच टेबलाशी बसून देश कसा वाचवायचा ते ठरवत होते. टेबलावर नकाशे असायचे आणि नकाशांवर काकांची कॉफी. बैठक सुटली की दोन्हीकडचे वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायचे. आम्हा खालच्या अल्बेनियन लोकांचं जिणं तर विचारूच नका. ताप येऊन एक दिवस घरी राहिलं तरी दुसऱ्या दिवशी कुजबुज तयार, "डोंगरावर गेला वाटतं." तेव्हा आम्ही ताप अंगात घेऊनच कामावर जायचो. काल हसून बोलणारी माणसं जिन्यात खाली बघून जायची. मी आईचा हात क्षणभर धरल्याशिवाय घरातून निघायचे नाही, आणि मी काही लहान नव्हते.

अशात एका पहाटे काकांच्या घरी फोन आला. डोंगराखालच्या गावात त्यांची बहीण राहायची. तिचा विसार, नुकतंच मिसरूड फुटलेला पोरगा, गोठ्यात गाय सोडायला गेला आणि गोठ्यावरच तोफगोळा पडला. त्याच्या हातात दावं होतं, बंदूक नव्हती. पण हे कोणाला सांगणार? डोंगराकडच्या गावात जो मेला तो रात्रीच्या बातम्यांत अतिरेकीच ठरायचा. आणि ज्याच्या घरात अतिरेकी मेला, तो मंत्र्यांना कॉफी पाजतो? काकांना पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसलं. रस्ता सैन्यानं बंद केलेला, त्यामुळे मातीला जाणंही नशिबात नव्हतं. काकांनी बायकोला सांगितलं, "रडायचं असेल तर उशीत तोंड खुपसून रड." मग इस्त्रीचा शर्ट घातला आणि बसला उभे राहिले.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बसमध्ये ते गप्प होते, पण तेव्हा सगळेच गप्प असायचे.

त्या दिवशी बैठक सकाळीच बसली. काकांनी पाणी चढवलं, कॉफी घातली, फेस वर आला तसं भांडं उचललं, कप भरले आणि तबक स्वतः आत नेऊन ठेवलं. परत येऊन शेगडी पुसायला लागले. आणि आतून खुर्ची सरकल्याचा मोठा आवाज झाला.

"कडू आहे! कडू जहर आहे ही!" कोणीतरी मंत्री ओरडत होता. "कोणी केली?"

आमच्याकडे मयताच्या घरी कॉफीत साखर घालत नाहीत. भेटायला येतो त्याला तीच कडू कॉफी देतात आणि तो ती गुपचूप पितो. साखर शिजतानाच घालायची असते, मागून घालून उपयोग नाही. काकांचं डोकं कामावर आलं होतं, हात मात्र बहिणीच्या ओट्यावर होते. सगळ्या मंत्रिमंडळाला त्यांनी विसारच्या मयताची कॉफी पाजली.

त्रायचे नावाचा सुरक्षेचा प्रमुख दोन शिपायांना घेऊन स्वयंपाकघरात घुसला. एकानं दार लावलं, दुसऱ्यानं ते तबक ओट्यावर आदळलं. मी खिडकीआड कानाला फोन लावून बसले. समोरून कोणी बोलत नव्हतं, तरी मी तो खाली ठेवला नाही.

"काय घातलंस यात?"

"कॉफी, साहेब."

"आणखी?"

"पाणी."

त्रायचेनं एक कप उचलून स्तोयनापुढे धरला. "तू रोज याच्यासोबत असतेस ना? पी."

स्तोयनानं कप हातात घेतला. तिनं काकांकडे पाहिलं. काकांनी हलकेच मान डोलावली, पी, काही नाही त्यात. कप तिच्या ओठांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. कॉफी हिंदकळून तिच्या मनगटावर सांडली.

"मला दोन मुली आहेत, साहेब," ती म्हणाली आणि कप खाली ठेवला. मग भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर प्यायले असते का, हे स्वतःला विचारायची छाती मला आजही होत नाही.

काकांनी तोच कप उचलून तोंडाला लावला. मग दुसरा, मग तिसरा, खालच्या गाळासकट. दाढीवर गाळ ओघळला तरी थांबले नाहीत. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, माणूस पडतो का याची वाट बघत. वरच्या मजल्यावर कोणीतरी चालत होतं ते ऐकू येत होतं. काका पडले नाहीत. नुसते घामानं निथळत उभे राहिले.

तेवढ्यात दार ढकलून आमचे मंत्री आले, आमच्याच मोहल्ल्यानं मतं देऊन पाठवलेले. त्यांनीही एक घोट घेतला असणार, आणि आमच्यातल्या माणसाला तो घोट जिभेवर पडताच कळतो. त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं आहे हे मला खिडकीतूनही दिसलं.

"एवढं काय त्यात, त्रायचे," ते म्हणाले. "म्हातारा साखर विसरला असेल."

"विसरला?" त्रायचे हसला. तो मिश्र वस्तीच्या गावातला, अल्बेनियन शेजाऱ्यांत वाढलेला. "मी तुमच्या लोकांच्या घरी मयताला बसलेलो आहे, मंत्रीसाहेब. ही कडू कॉफी मला ओळखीची आहे." तो काकांच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. "झेकिर, कोण गेलं तुझ्याकडे?"

मंत्र्यांनी घड्याळात पाहिलं.

काकांनी खरं बोलावं तर उद्या पोलीस बहिणीच्या दारात, परवा त्यांच्या. खोटं पकडलं गेलं तर आजच. आता तुम्ही म्हणाल की मंत्र्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले नाहीत. त्यांना दुपारी टेबलाशी परत बसायचं होतं, आणि कदाचित तेही आमच्याइतकेच घाबरले होते. फक्त त्यांची भीती चांगल्या कापडाच्या कोटात होती.

"कोणी नाही, साहेब," काका म्हणाले. "देवाच्या दयेनं सगळे मजेत आहेत."

"बहीण आहे ना तुझी त्या बाजूला?"

"आहे. तीही मजेत आहे. तिचा मुलगाही."

मुलाचं कोणी विचारलं नव्हतं. ते मला त्या वेळी कळलं नाही, आणि त्रायचेच्या लक्षात कसं आलं नाही हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

"मग कर गोड," त्रायचे म्हणाला. "दोन चमचे घाल. आणि माझ्यासमोर पी. मयत असलेला माणूस गोड पिणार नाही."

काकांनी भांडं घासलं. पाणी घातलं, साखर घातली, नंतर कॉफी. फेस उतू गेला, शेगडीवर चरचरला. काकांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी कप भरला आणि प्यायले. त्रायचे त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मधेच काका हसलेसुद्धा.

"छान झाली," ते म्हणाले. "साहेब, तुम्हालाही देऊ?"

त्रायचेनं घेतली. आत सगळ्यांना नवीन कॉफी गेली, आणि बैठक दुपारपर्यंत चालली. संध्याकाळपर्यंत स्तोयना काकांकडे पाठ करून कप धूत राहिली.

परतीच्या बसमध्ये काका माझ्या शेजारी बसले. पूल आला तसं त्यांनी खिडकीकडे तोंड करून अल्बेनियनमध्ये सगळं सांगितलं. विसार, गोठा, गाय, उशीत रडणारी बायको. आवाज असा की मला ओठ बघून समजून घ्यावं लागलं. मयताच्या घरी म्हणतात तेच माझ्या तोंडून आलं, "मागे राहिलेल्यांना आयुष्य मिळो, काका." पण ते म्हणतानाही मी आधी मागच्या बाकावर कोण आहे ते पाहिलं.

"आत्ता त्याला मातीत ठेवत असतील," ते म्हणाले. "आणि मी तिथं म्हणालो, तो मजेत आहे."

"तुम्ही दुसरं काय करणार होतात?"

"ते नाही गं, हुरिये." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं, सकाळी त्या स्वयंपाकघरातसुद्धा नाही. "पहिला घोट घेतला ना, जीव वाचला हे कळलं. आणि ती कॉफी मला गोड लागली. माझ्या बहिणीचा पोरगा मेला त्या दिवशी, मला ती इतकी गोड लागली."