फाइलीला दिलेलं नाव

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी कारंज्यातल्या एका टेलरचाचांसाठी वेबसाइट केली. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. काही चुकलं तर विचारायचं कुणाला, ही धास्ती कायम असायची.

चाचांनी शिवलेल्या ड्रेसचे फोटो मी डेटाबेसमध्येच साठवले होते. गिऱ्हाइकानं कुठलाही फोटो मोबाइलवर उतरवून घेतला की फाइलीचं नाव नुसतं 'फोटो' यायचं. चाचा वैतागले. मग त्यांनी प्रत्येक फोटोपुढं भरलेलं नावच फाइलीला मिळेल अशी सोय मी केली. साइट हळू उघडू नये म्हणून एकदा पाहिलेला फोटो मोबाइलनं वर्षभर स्वतःजवळ ठेवावा, असंही कोडमध्ये लिहून ठेवलं.

आठवड्यानं एक मुलगी दुकानात आली. आमच्याच कॉलेजची, कामरगावहून जीपनं येणारी. नवा ड्रेस घालून पाहिला तेव्हा चाचांनी तिचा फोटो काढला होता, पण तो साइटवर जाईल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. उतरवलेल्या फाइलीवर तिचं पूर्ण नाव होतं, पुढं गाव. मापाच्या वहीत चाचा प्रत्येक ड्रेस गिऱ्हाइकाच्या नावानं लिहीत, तसंच त्यांनी इथंही लिहिलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

"भावानं पाह्यलं तर माहं कॉलेज बंद होते," ती म्हणाली.

चाचा तिची माफी मागत राहिले. मी तिथंच बसून तिच्या जागी नुसत्या ड्रेसचा फोटो टाकला, नाव पुसलं. तिनं पान पुन्हा उघडलं.

"माहाच फोटो दिसून राह्यला अजून."

तिचा मोबाइल माझंच ऐकत होता, वर्षभर ठेव म्हटलेलं. शेवटी मी साइटवरचा फोटोचा पत्ताच, म्हणजे लिंकच बदलली, तेव्हा कुठं तिला नवा फोटो दिसला.

आतापर्यंत किती जणांनी पाहिला असेल, असं तिनं विचारलं. सर्व्हरच्या नोंदीत चार मोबाइल होते. माझा, चाचांचा, तिचा. चौथा कुणाचा ते कळत नव्हतं. त्यानं फोटो पुन्हा कितीदा पाहिला, हेही कळणार नव्हतं, कारण जवळ ठेवलेला फोटो दाखवताना मोबाइल सर्व्हरला विचारत नाही. त्यानं उतरवून घेतला असेल, तर त्यावर तिचं नाव होतंच. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण सगळं खरं सांगितलं.

तिनं मोबाइल दप्तरात टाकला.

"मंग मीच सांगतो घरी. भावाले दुसऱ्याकडून कळाच्या आंधी."

मी सोबत येऊ का, असं चाचरत विचारलं.

"संगं पोरगा आला तं फोटोचं राहीन बाजूले," ती म्हणाली आणि निघून गेली.

सोमवारी मी तासाला गेलो नाही. कामरगावच्या जीपा थांबतात तिथं उभा राहिलो. पहिलीतून ती उतरली नाही, दुसरीतूनही नाही. घरी तिचं कॉलेज बंद तर केलं नसेल, असं वाटत राहिलं. तिसऱ्या जीपेतून ती उतरली, दप्तर घेऊन. माझ्याकडं न पाहता कॉलेजच्या दिशेनं चालू लागली.