तळाचा ठावठिकाणा

परक्याने मेंढरांचा तळ विचारला, तर कृष्णेचा दुसरा काठ सांगायचा, हा हरणाबाईंच्या घराण्यातला अलिखित नियम होता. दिवाळीनंतर जतच्या बाजूने कळप घेऊन पश्चिमेला उतरायचे, शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवायच्या, खताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. या फिरस्तीत काठी, कुत्री आणि मौन याखेरीज संरक्षण नसते. हरणाबाईंच्या नवऱ्याने एकदा चहाच्या टपरीवर खरे ठिकाण सांगितले. पहाटे चोरांचा टेम्पो आला, निम्मा कळप गेला, आणि आडवा आलेला नवरा पुढे मरेपर्यंत लंगडत राहिला. तेव्हापासून कुणी अनोळखी बांधावर उभा राहिला, तरी हरणाबाई कुत्र्यांना जवळ बोलावत.

१९९९ च्या हिवाळ्यात सांगलीच्या एका महाविद्यालयाने राष्ट्रीय सेवा योजनेत नवा उपक्रम घेतला. मुलांनी गावात जाऊन रस्ते झाडण्याऐवजी संगणकापाशी बसायचे. मेंढपाळांनी टेलिफोन बूथवरून जनावरांचा आजार सांगायचा, मुलांनी तो ई-मेलने साताऱ्याच्या एका संस्थेतील पशुवैद्यांना कळवायचा आणि उत्तर पुन्हा फोनवर सांगायचे. कराड आणि इस्लामपूरची महाविद्यालयेही या जाळ्यात होती. मुलगा कोंडीबा फोनला हात लावेना, म्हणून मेंढपाळांच्या वतीने बोलण्याचे काम हरणाबाईंकडे आले. फोनच्या पलीकडे विद्यार्थिनी अक्षता असे. ती कुपवाडच्या कारखान्यातल्या फिटरची मुलगी. दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते.

पौषात कोकरांना ताप भरला. मेंढ्यांच्या तोंडावर आणि काखांत फोड उठले. हरणाबाईंनी लक्षणे सांगितली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले.

"मावशी, डॉक्टर म्हणतात देवीचा रोग आहे. ज्यांना अजून लागण नाही त्यांना लगेच टोचायला हवं. उद्या बर्फात लस घेऊन जीप निघतेय. तळ कुठं आहे तुमचा?"

बूथमध्ये दोन पुरुष आपला नंबर लागायची वाट पाहत होते. हरणाबाईंच्या तोंडून आपोआप गेले, "पल्याड. नदीच्या पल्याड, काठच्या मळईत."

बूथवाले नाथाजी हसले. "काय मावशे, मेंढरं बी आता फोनवर बोलाय लागली व्हय?"

"तुमच्यापरास बरी बोलत्यात," असे म्हणून त्या निघाल्या. सकाळी पुलावर उभे राहायचे आणि जीप स्वतःच अल्याड आणायची, असा बेत त्यांनी मनाशी केला. कोंडीबाला तो पटला.

सकाळपर्यंत आणखी दोन मेंढ्या आडव्या झाल्या होत्या. जीप पुलावर केव्हा येईल हे विचारायला हरणाबाई बूथवर गेल्या.

"पुलावर कशाला येतील? कराडहून पल्याडच्या काठानं सरळ रस्ता आहे," अक्षता म्हणाली. "साताऱ्याहून जीप निघाली पण."

हरणाबाईंनी बाहेरच्या रांगेकडे पाठ केली. "बाय, आमी पल्याड न्हाई. अल्याड हाय."

"मग काल तसं का सांगितलंत?"

"सांगायचं नसतं."

अक्षताने ते पुढे उकरले नाही. डॉक्टर शोधत फिरतील तोवर बर्फ वितळेल, एवढे तिने सांगितले. जीपला फोन नव्हता. कराडच्या मुलांना ई-मेल गेला, तर ती रस्त्यावर उभी राहून जीप अडवू शकत होती. मात्र गटाचा पत्ता एकच होता, त्यामुळे तळाचे ठिकाण लिहिलेला तो मेल सगळ्या महाविद्यालयांना जाणार होता.

"त्यो किती जण वाचत्याल?"

"खरं सांगू? मलाही ठाऊक नाही. तुम्ही नको म्हणालात तर पाठवणार नाही."

चहाच्या टपरीवर निदान ऐकणाऱ्यांची तोंडे दिसत होती. इथे तेही नव्हते. हरणाबाईंनी तळ सांगितला: गावाचे नाव, ओढा, ज्याच्या रानात मेंढ्या बसल्या होत्या त्या शेतकऱ्याचे आडनाव. रांगेतले लोक ऐकत होते.

दुपार कलण्याआधी जीप आली. बर्फ अजून शिल्लक होता. डॉक्टरांनी निरोगी मेंढ्या एकेक करून टोचल्या आणि निघताना बजावले की आठवडाभर कळप इथून हलवायचा नाही. चालवला तर टोचलेलीही दगावतील आणि वाटेवरच्या कळपांना रोग लागेल.

जीप गेल्यावर कोंडीबा म्हणाला, "आई, दिवस बुडायच्या आत उठू या. आता साऱ्या मुलखाला ठावं झालंय."

"ऐकलं न्हाईस का डॉक्टर काय म्हणलं?"

"आन् टेम्पो आला तर?"

संध्याकाळी ओढ्याच्या कडेला एक मोटारसायकल थांबली. स्वार उतरला नाही. इंजिन चालू ठेवून त्याने बराच वेळ कळपाकडे पाहिले आणि निघून गेला. तो शेजारच्या मळ्यातला असेल, बूथवर ऐकून आलेला असेल किंवा नुसता वाटसरू असेल. कोंडीबा बिऱ्हाड बांधायला उठला होता. हरणाबाईंनी त्याच्या हातातून दोर काढून घेतला, कुत्री मोकळी सोडली आणि टोचलेल्या मेंढ्यांच्या व रस्त्याच्या मधे त्या जाऊन बसल्या. काठी त्यांनी मांडीवर आडवी घेतली.