किती यायला पाहिजे?

समजा, कॉलेजातला तुमचा पहिलाच महिना आहे आणि तुम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभे आहात. समोर लोखंडी स्टँडला अडकवलेली काचेची लांब नळी आहे. तिच्या अंगावर बारीक रेघा आणि तळाशी तोटी. हिला ब्युरेट म्हणतात. तिच्यात अल्क, आणि तिच्याखाली फ्लास्कमध्ये पाण्यासारखं दिसणारं, रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब घातलेलं आम्ल. एका हाताने तोटी अशी फिरवायची की थेंबामागून थेंब पडावा, आणि दुसऱ्या हाताने फ्लास्क हलवत राहायचा. बराच वेळ काही म्हणजे काही होत नाही. तुम्ही कंटाळता, तोटी जरा सैल सोडता, आणि बघता बघता सगळा फ्लास्क गडद गुलाबी होतो. फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं आणि नळीतलं किती मिलिलिटर खर्च झालं तो आकडा लिहायचा होता. ती जागा केव्हाच मागे गेली. आता तुम्ही काय कराल?

बहुतेक जण मान न वळवता नुसते डोळे वळवतात आणि शेजारच्याच्या वहीतला आकडा टिपतात. ज्यांचा शेजारीही गडबडलेला असतो, ते खोलीच्या टोकाला असलेल्या लाकडी काउंटरपाशी येऊन हळूच विचारतात, "मामा, किती यायला पाहिजे?"

मामा हातातली बाटली पुसता पुसता म्हणतात, "किती यायला पाहिजे, हे शाळेत. इथे विचारायचं, किती आलं. बोल, किती आलं तुझं?"

मामा या प्रयोगशाळेचे परिचर. बावीस वर्षं झाली. काचसामान द्यायचं, मोजून परत घ्यायचं, द्रावणं तयार करायची, ही त्यांची कामं. कॉलेजात परिचराला सगळेच मामा म्हणतात. पोरं म्हणतात, सर म्हणतात, एकदा तर प्राचार्यांच्या आईनेही त्यांना मामा म्हणून हाक मारली होती आणि त्यांनी निमूटपणे ओ दिली होती.

द्रावणं करण्यात मामांची एक खोड आहे. प्रत्येक टेबलावरच्या बाटलीतलं आम्ल ते वेगळ्या ताकदीचं करतात. बाटल्या सारख्या, चिठ्ठ्या सारख्या, पण एका टेबलावर उत्तर चोवीसच्या आसपास येणार आणि शेजारच्या टेबलावर वीसच्या. कुठल्या बाटलीत काय आहे याची यादी दोनच ठिकाणी असते, सरांच्या कपाटात आणि मामांच्या डोक्यात. त्यामुळे शेजारच्याचं बघून लिहिणारा लगेच सापडतो. मामांना तर वही बघायचीही गरज पडत नाही. तास संपल्यावर ते फ्लास्क धुवायला घेतात, आणि कुणाचा फ्लास्क किती गडद आहे यावरून कुणाचा हात घाबरला होता ते त्यांना समजतं.

यंदा या पहिल्या वर्षात मामांची खरीखुरी भाची आली.

मोठ्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. शाळेत पहिलीपासून पहिला नंबर. अर्धा मार्क गेला तरी न जेवता झोपणारी. बहिणीने तिला पोचवायला येताना सुटकेसपेक्षा सूचनाच जास्त आणल्या होत्या, आणि जाताना एवढंच म्हणाली होती, "आता तुझ्या हवाली." मामांच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ तिचं टेबल लागलं.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता विषय काढला. "मामा, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग की."

"कॉलेजात ओळख दाखवू नकोस. म्हणजे तुझी लाज वगैरे नाही. पण मुलं म्हणतील, हिला काय, आतून सगळं कळत असेल."

मामांना वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण ते हसले. "अगं, त्यात काय. तू आपली मामाच म्हण. दोनशे पोरं म्हणतात. कोण ओळखणारे?"

आतून मामी म्हणाली, "फक्त 'तू' म्हणू नकोस, 'तुम्ही' म्हण. नाहीतर पहिल्याच दिवशी उघडं पडाल."

तसंच ठरलं. घरी "मामा, तू जेवलास का," आणि कॉलेजात "मामा, तुम्ही एक पिपेट देता का." पहिले काही दिवस दोघांनाही गंमत वाटली. मग गंमत ओसरली, कारण भाची काउंटरपाशी येईनाशीच झाली.

मामा लांबून बघत होते. ती शेवटच्या टेबलावर, भिंतीकडे. वर्गात कोणी प्रश्न विचारला की ती वही उघडून त्यात तोंड घालायची. तिच्या बाटलीचं उत्तर एकोणीस पॉइंट आठ यायला हवं होतं. जर्नलमध्ये तिने लिहिलं होतं चोवीस पॉइंट दोन, तेही तीन वेळा, अगदी एकसारखं. शेजारच्या टेबलाचं. आणि तिचे तिन्ही फ्लास्क मामांनी धुतले तेव्हा त्यांत गुलाबाचं सरबत ओतल्यासारखा रंग होता. सरांनी त्या पानावर काही न लिहिता फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

त्या बुधवारी संध्याकाळी तिने त्यांच्यासमोर एक कागद ठेवला. शाखा बदलण्याचा अर्ज होता. पालकाच्या सहीची जागा रिकामी. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत.

"आईला सांगितलंस?"

"नंतर सांगेन. मला हे जमत नाही, मामा. शाळेत मला सगळं यायचं. इथे मला काय येत नाही हेसुद्धा मला कळत नाही." तिने पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. "शुक्रवारी तेच प्रॅक्टिकल परत आहे. बाटल्या त्याच. नीट आलं तर मी राहते. माझ्या बाटलीचं किती यायला पाहिजे? तुला माहीत असेल ना."

मामांनी अर्जावरची मुदत पुन्हा वाचली.

मामी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. नुकतीच येऊन खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "अहो, सांगून टाका की. एका आकड्याने काय कॉलेज बुडणारे? पोरगी निघाली विज्ञान सोडून."

एकोणीस पॉइंट आठ. तीन शब्द होते, जिभेच्या टोकावर होते. तेवढ्याने पोरगी राहणार होती, बहिणीला तोंड दाखवता येणार होतं. मामा पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवून बावीस वर्षांत बायकोलाही न सांगितलेली गोष्ट सांगायला लागले.

"मीही कॉलेजात गेलो होतो. चार दिवस."

"चार दिवस?" मामी सावरून बसली. "ताई तर म्हणतात, घरी अडचण होती म्हणून तुम्ही सोडलं."

"ते मीच सांगितलं होतं तिला." मामा भाचीकडे वळले. "वेळापत्रकात लिहिलं होतं, खोली नंबर अकरा. मी गेलो, खोली रिकामी. मला वाटलं, सर आले नसतील. बसलो. दुसऱ्या दिवशीही रिकामी. पुन्हा बसलो. चार दिवस मी त्या खोलीत पहिल्या बाकावर वही उघडून एकटा बसलो होतो."

"आणि वर्ग?"

"दुसऱ्या इमारतीत भरत होता. खाली फळ्यावर सूचना लावलेली. शाळेत कसं, वर्गात येऊन कोणीतरी सांगतं. इथेही येईल कोणीतरी, म्हणून मी वाट बघत बसलो. पाचव्या दिवशी कळलं तेव्हा इतकी लाज वाटली, की आता मध्येच वर्गात शिरून सांगायचं काय? गेलोच नाही परत."

भाचीला हसू आवरेना, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. "चार दिवस, मामा? कुणाला विचारलं का नाहीस?"

"तेच तर. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. म्हणून तर दरवर्षी पहिला आठवडा मी जिन्यापाशी उभा असतो. खोली रिकामी दिसली की बसू नका, विचारा. पुस्तक मिळालं नाही, विचारा. सर काय म्हणाले ते कळलं नाही, तासानंतर गाठा आणि विचारा. आणि हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत उरकून घ्या. तेव्हा न येणं चालतं, सगळ्यांनाच येत नसतं. नंतर लाज वाढत जाते. दोनशे पोरांना सांगतो मी हे. तुला नाही सांगितलं, कारण तुझी माझी ओळख नव्हती."

तिने पेनाचं टोपण लावून टाकलं. "पण मग आकडा?"

"आकडा नाही सांगणार."

मामीने कपाळाला हात लावला, पण जरा वेळाने तीच म्हणाली, "आमच्याकडे पण येतात असे. तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात. बाहेर रांगेत उभं राहून ऐकतात आणि धडाधड म्हणून दाखवतात. मग आठवड्याने चष्मा घेऊन भांडायला येतात, दिसत नाही म्हणून. दिसणार कसं? नंबर पाठांतराचा काढलाय."

यावर मात्र भाची मोकळेपणी हसली.

मामांनी अर्ज पुढे ओढला आणि पालकाच्या जागी सही केली. "हा घे. द्यायचा की नाही ते तू ठरव, मी आडवा येणार नाही. पण उद्या मधल्या सुट्टीत ये. प्रयोगशाळा रिकामी असते."

गुरुवारी ती आली. मामांनी ब्युरेटमध्ये साधं पाणी भरलं आणि खाली रिकामा फ्लास्क ठेवला. आम्ल नाही, रंग नाही, काही नाही.

"यात काय होणार?" तिने विचारलं.

"काही होणार नाही. म्हणून तर पाणी. डावा हात तोटीला मागून वेढा घालून धर. उजव्याने फ्लास्क हलव. आता मला एकेक थेंब पाड."

पहिल्यांदा धार लागली. मग पाच-सहा थेंब एकदम. मामा स्टुलावर बसून रबरी नळ्या तपासत होते आणि मान वर न करता म्हणत होते, "घाई." "घाई." "आता बरं." अर्ध्या तासाने थेंब एकेक पडायला लागले. मग त्यांनी तिला अर्धा थेंब पाडायला शिकवलं. तोटीच्या टोकाला थेंब लोंबकळू द्यायचा, पडायच्या आत फ्लास्कच्या काचेला टेकवून घ्यायचा आणि पाण्याने आत ढकलायचा.

"हे पुस्तकात नाही," ती म्हणाली.

"पुस्तकात आहे. तू आकडे वाचलेस, वाक्यं सोडलीस. आणि अजून एक. चुकलं तर खोडरबर नाही. आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला नवीन लिहायचं. सर रेघ बघून रागावत नाहीत. आकडे जवळजवळ यायला हवेत, पण पहिल्यापासून तिन्ही हुबेहूब सारखे बघून रागावतात."

शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळा भरली. अर्ज भाचीच्या फाइलमध्ये, वर डोकावत होता. मामांनी शेवटच्या टेबलाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि दर दोन मिनिटांनी बघत होते. पहिला फ्लास्क गडद झाला. तिने वहीत काहीतरी लिहिलं, रेघ मारली, दुसरा भरला. तिसऱ्याच्या वेळी तिचा हात मध्येच थांबला. फ्लास्कमध्ये अगदी पुसटसा रंग येत होता आणि हलवल्यावर जात होता. ती इकडे तिकडे बघायला लागली. शेजारची मुलगी आपली वही तिच्याकडे सरकवत होती.

आणि भाचीने खोलीच्या त्या टोकावरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "मामा, तू इकडे ये ना जरा. हा रंग राहणारा आहे की जाणारा, कसं ओळखायचं?"

दोन-तीन माना वळल्या. "अगं, मामांना 'तू' काय म्हणतेस?" शेजारच्या मुलीने विचारलं.

"माझा मामा आहे तो," भाची म्हणाली. "आईचा भाऊ." आणि फ्लास्क पुन्हा हलवायला लागली.

मामा गेले. पाठीमागे पांढरा कागद धर, तीस मोजेपर्यंत थांब, एवढंच त्यांनी सांगितलं आणि काउंटरला परत आले. आल्यावर एकच मोजपात्र त्यांनी तीन वेळा पुसलं.

तिचे आकडे आले एकवीस पॉइंट तीन, वीस पॉइंट सहा आणि वीस पॉइंट एक. पहिल्यावर रेघ. एकोणीस पॉइंट आठ काही आलं नाही, आणि तिन्हींपैकी कुठलेही दोन एकमेकांशी जुळलेही नाहीत. सरांनी पान बघितलं, किंचित मान हलवली आणि लाल शाईने लिहिलं, "रीडिंग जुळत नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा करा."

कार्यालयाची खिडकी पाचला बंद होते. मामांची सुट्टी साडेपाचला. बाहेर पडताना त्यांनी त्या खिडकीकडे पाहिलं, पण तिचा अर्ज आला का, हे आत कुणाला विचारलं नाही. दुसऱ्यांना वर्षानुवर्षं विचारा विचारा म्हणणाऱ्या माणसाचे पाय तिथे अडले.

घरी आले तर भाची खिडकीजवळच्या टेबलावर पुढच्या आठवड्याचं पान आखत बसली होती. अर्ज तिथेच पालथा पडला होता. त्याच्या पाठीवर वीस पॉइंट सहातून वीस पॉइंट एक वजा केलेले होते, आणि शेजारी लिहिलं होतं, "फरक कुठून आला? तोटी? डोळा?" वर चहाच्या कपाचा गोल डाग.

"मामी, भूक लागलीय," ती म्हणाली, आणि पानावर बसली तशी दोनदा मागून घेऊन जेवली. जेवताना शेजारच्या मुलीची नक्कल करून दाखवली. मामी हसून हसून बेजार झाली.

मामाही हसले, पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. ती राहिली, हे कळलं. बहिणीला उद्या कळवताही येईल. पण अर्ध्या मार्कासाठी उपाशी झोपणारी ही पोरगी, आज तिन्ही आकडे चुकवून, वर लाल शाईचा शेरा घेऊन आली होती. मग तिला एवढी भूक लागली कशाने?