कोल्हापूर ते जळगाव, घाटकोपरवरून

मला दोन भाऊ. थोरला कोल्हापुरात, धाकटा जळगावात. वडील गेल्यावर आई दोघांकडे आलटून पालटून राहू लागली, आणि जाता-येता दर वेळी दोन दिवस घाटकोपरला माझ्याकडे उतरायची. जावयाच्या घरी मुद्दाम राहायला येणं तिला कधीच पटलं नाही. "वाटेतच आहे, म्हणून उतरले हो जावईबापू," असं ती दारातच सांगून टाकायची, जणू त्याने जाब विचारला होता. तो बिचारा तिची पिशवी उचलून आत ठेवायचा.

ते दोन दिवस मी ऑफिसला दांडी मारायचे. खास असं काही करायचो नाही. ती माझ्या ओट्यावरचे डबे तिच्या मनासारखे लावायची, आणि ती गेल्यावर मला हळद सापडायची नाही. त्यावरून आमची भांडणंही व्हायची. दुपारी चटई टाकून दोघी आडव्या झालो की ती वडिलांबद्दल बोलायची. माझ्या भावांसमोर तिला ते जमायचं नाही.

मग तिचे गुडघे कुरकुरायला लागले. धाकट्याने मोबाइलवर शोधून कळवलं: कोल्हापूर विमानतळ ते जळगाव विमानतळ, हवाई अंतर साधारण पाचशे किलोमीटर, उड्डाणाला तासभर. झकास, असं सगळ्यांत आधी मीच म्हणाले. नंतर कळलं की तो तासभर नुसता कागदावरचा. सरळ विमान नव्हतंच, मुंबईत बदलावं लागणार होतं. मी मनातून खूश झाले, म्हटलं, मुंबईत आली की उतरेलच. पण धाकट्याने दोन्ही तिकिटं एकाच दिवसाची काढली. व्हीलचेअर ढकलणारा माणूस तिला एका विमानातून उतरवायचा आणि थेट दुसऱ्यात नेऊन बसवायचा. एकदा बाहेर पडलं तर पुन्हा आत घेणार नाहीत, ही तिला धास्ती.

आमच्या भागावरून विमानं इतकी खालून जातात की फोनवर बोलता बोलता थांबावं लागतं. तिच्या विमानाची वेळ झाली की मी गच्चीत जाऊन उभी राहायचे. कुठलं तिचं, ते कळायचं नाही. एवढा वेळ वाचला, म्हणून भाऊ खूश होते. तो वाचलेला वेळ माझा होता, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आता डॉक्टरांनी तिचा प्रवासच बंद केलाय. ती कोल्हापुरातच असते. यंदा भाऊबीजेला थोरला आला, तेव्हा मी त्याच्यावर डाफरले. म्हटलं, रेल्वेनेच जाऊ द्यायचं होतंत तिला, निदान माझं घर तरी वाटेत होतं.

तो हसला. "वाटेत कुठे गं? कोल्हापूरहून जळगावला थेट गाडी जाते, पुणे-मनमाडवरून. दर वेळी सांगायचो तिला. ती ऐकेल तर शपथ. मुंबईवरून बरं पडतं म्हणायची."

तो गेल्यावर मी आईला फोन लावला आणि थेट गाडी होती का, असं विचारलं. तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"होती की," ती म्हणाली. "तेव्हा पाय चालत होते गं. वाट वाकडी करता येत होती."