आवाज खाली ठेवा

वाद हाणामारीपर्यंत जाऊ न देण्याचं रीतसर शिक्षण मी घेतलंय. नारायण पेठेत, चार रविवार, धायरीहून बसने जाऊन. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून एकाचं डोकं फुटलं, टाके पडले, म्हणून सेक्रेटरी या नात्याने मला पाठवण्यात आलं. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. चिडलेल्या माणसाच्या पुढ्यात उभं राहू नका, जरा बाजूला राहा; 'का केलंत' नको, 'काय झालं' विचारा; आपला आवाज खाली आणला की समोरच्याचाही उतरतो. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

आणि घरी येऊन काय केलं? पाटी लावली! पुण्यात माणसाला चार गोष्टी नव्याने कळल्या की त्यांची पाटी होते. तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी, ठळक अक्षरांत: 'आवाज खाली ठेवा. येथील रहिवासी बहिरे नाहीत. हाणामारीची हौस असल्यास तालीम गाठावी.' लोक हसले, फोटो काढून गेले, मी फुगले. आज ते आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

तिसऱ्या मजल्यावर अमरावतीकडचं एक जोडपं भाड्याने राहतं. तो चाकणला कारखान्यात, ती नुकतीच बाळंत झालेली. मुलगी तेव्हा वीस दिवसांची होती. तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ, आणि पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी त्यांच्याकडे. भाडेकरू पाणी फार उधळतात असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि तिसऱ्या मजल्याचं पाणी पाच मिनिटांत बंद करायला लागले. तीन दिवस वर जेमतेम दोन बादल्या पाणी. चौथ्या दिवशी सकाळी तो मोठा पाना घेऊन खाली आला, व्हॉल्व्ह स्वतःच उघडायला. गृहस्थ आडवे आले. तो ओरडला. त्यांनी माझ्या पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचता येतं ना आपल्याला?"

पाना वर गेला. मी जिन्यातून धावतच उतरले. शिकवल्याप्रमाणे बाजूला उभी राहिले, हळू आवाजात विचारलं, "काय झालं?"

"हे तुमीच लिहलं ना, ताई?" त्याचा हात वरच होता. "तीन दिवस झाले, लेकराले आंघोळ नाही. ह्यायनं पाणी बंद केलं, अन् गप मी राहू?"

"हो, मीच," मी म्हणाले आणि मान खाली घातली. ते बघून त्याचा हात हळूहळू खाली आला. त्यात माझं कौशल्य शून्य होतं.

गृहस्थ शर्टाची घडी नीट करत म्हणाले, "बघा, आपण सुशिक्षित माणसं. आवाज कशाला चढवायचा?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वीस दिवसांच्या बाळाचं पाणी तोडणारा हा माणूस एकदाही मोठ्याने बोलला नव्हता. माझ्या पाटीच्या हिशेबाने इमारतीतला सर्वांत सभ्य रहिवासी हाच! ज्याच्या खिशात चावी आहे त्याला ओरडायची गरजच काय? ओरडतो तो तहानलेला, आणि नियम मी त्याच्यासाठी लिहिला होता. बाईंनी वर्गात हे सांगितलंही असेल. मी तेव्हा पाटीचा मजकूर जुळवत असेन.

"चावी द्या," मी म्हणाले.

"अहो, कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरवू की आपण."

"आत्ता द्या!"

माझा आवाज पाचव्या मजल्यापर्यंत गेला असणार. खिडक्या उघडल्या, लोक बाल्कनीत आले. चारचौघांदेखत त्यांना खिशातून चावी काढावी लागली. मी व्हॉल्व्ह पुरता उघडला. पण माझं अजून संपलेलं नव्हतं. बाळाच्या पाण्यावर उठणाऱ्याला काय म्हणतात ते मी त्यांना मोठमोठ्याने सांगायला लागले.

पाना जमिनीवर ठेवून तो माझ्याजवळ आला. समोर नाही, जरा बाजूला उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "हळू बोला ना. पोरगी आताच झोपली."