मुदतबाह्य नवमी आणि गॉलवेतली कैरी

३ ऑक्टोबर २०१८, अविधवा नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रियांना पान वाढण्याची तिथी. ती मी एका आखाती विमानतळावर बसून काढली. जबाबदार: ऐनवेळी उड्डाण बदलणारी विमान कंपनी.

४ ऑक्टोबर. पुण्याहून फोनवर निकाल: "तिथी गेली, वकीलसाहेब. सर्वपित्रीलाही चालणार नाही. आता पुढच्या वर्षी." जबाबदार: आमचे गुरुजी.

१ नोव्हेंबर. 'खाण्यास तयार' अशी चिठ्ठी डकवलेला, दगडासारखा टणक आंबा. जबाबदार: गॉलवेतील एक दुकानदार.

माझी पत्नी सुमन हिच्या वर्षश्राद्धानंतरची ही पहिलीच नवमी होती. ती उपाशी राहिली, हे मनातून जाईना. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गॉलवे सुंदर आहे. पण महिनाभर मी मुख्यतः खिडकीशी बसून तक्रारअर्ज लिहिले. मुलगी मुग्धा तिथे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात अभियंता आहे. ती म्हणे, "बाबा, कागद प्रेसमध्ये आहेत (तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात). आज कोणाची पाळी?"

दोन नोव्हेंबरला तिची मेक्सिकन सहकारी लुपे हिने घरी बोलावले. वाटेत आंबा परत करावा म्हणून तो मी कोटाच्या खिशात घेतला. दुकान बंद. नदीवरच्या पुलावर वाऱ्याने छत्री उलटी केली. भिजत, धुमसत पोचलो.

दिवाणखान्यात ओफ्रेंदा (मेक्सिकोत या मृतांच्या दिवशी त्यांच्या स्वागतासाठी सजवतात ती वेदी) मांडली होती. मेणबत्त्या, कागदी झेंडू, पाव. आणि लुपेच्या आजोबांच्या तसबिरीपुढे चक्क बिअरची बाटली.

"पितरांपुढे मद्य?" मी विचारले.

"त्यांना आवडायची. नावडतं ठेवलं तर एवढ्या लांब येतील कशाला?"

मुग्धाने पर्समधून आईचा फोटो काढला. मी हरकत घेतली. "हिची तिथी होऊन गेली. मुदत संपली."

"कोण म्हणालं?" लुपे म्हणाली.

"आमचे गुरुजी."

"भूक कुणाला लागलीय? त्यांना की तुमच्या बायकोला?"

चाळीस वर्षांच्या वकिलीत इतका आडवा प्रश्न मला कोणी केला नव्हता.

"काय आवडायचं त्यांना?" लुपेने विचारले.

"खीर, वडे, आमसुलाची चटणी..."

"बाबा, ते श्राद्धाचं पान झालं," मुग्धा म्हणाली. "आईला काय आवडायचं?"

"कैरी," मी म्हणालो. "तिखटमीठ लावून."

लुपे टाळी देऊन हसली. "आमच्याकडे गाडीवर हेच मिळतं! तुमची बायको आमचीच निघाली की!"

मुग्धा माझ्या खिशाकडे बघत होती. "बाबा, काढा तो पुरावा."

मी काढला. लुपेने चिरला. आत पांढराफटक, करकरीत, वास थेट कैरीचा. तिने मीठ आणि लाल तिखट भुरभुरले. बशी मी स्वतः सुमनपुढे ठेवली. नंतर आम्हीही एकेक फोड घेतली. दात असे आंबले की तिघांच्याही डोळ्यांना पाणी आले, आणि कोणी कोणाला कारण विचारले नाही. छातीवरचा धोंडा उतरला. त्या रात्री मी सलग झोपलो.

परतताना विमान वेळेवर होते. दुकानदाराविरुद्धची तक्रार मी मागे घेतली आहे. पिकलेला आंबा दिला असता तर मी त्याला कधीच माफ केले नसते. विमान कंपनीलाही सोडून दिले.

उरले गुरुजी. सबळ कारण असेल तर न्यायालयसुद्धा विलंब माफ करते. मग कोणत्या ग्रंथाच्या आधारे आपण माझ्या पत्नीला आणखी वर्षभर उपाशी ठेवणार होतात? उत्तर घरी येऊन, चहा घेत देऊ नये. याच मासिकात, सर्व वाचकांसमक्ष, सहीनिशी द्यावे.